कढईतला शरद

ऑक्टोबरात डहाणूच्या बाजारात लाल भोपळ्याचे ढीग लागतात, पण हवेत गारव्याचा पत्ता नसतो. पाऊस नुकता ओसरलेला, खाडीवरून येणारा वारा दमट, आणि अकरानंतर अंगाची नुसती काहिली. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकूची झाडं तेवढी गर्द सावली धरून उभी असतात. तलासरीकडे वळलं की भातं पिवळी पडलेली दिसतात, एखाद्या खाचरात कापणीही सुरू झालेली असते आणि माळावर गुडघाभर गवत उभं असतं. पंचांगात हाच शरद.

हा शरद तळणीत कसा उतरवायचा, यावरून डहाणूतल्या एका घरात मावशी आणि भाचा यांच्यात जुंपली आहे. मावशी भंडाऱ्यांच्या घरातली. बचत गटातल्या बायकांना बरोबर घेऊन ती दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, मुंबईत एका बेकरीत कामाला. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, त्यामुळे सुट्टी मिळाली की तो इथे हजर. यंदा फराळाच्या यादीत एक नवा गोड पदार्थ घालायचा आहे. भाचा म्हणतो भोपळ्याचा डोनट, वरून दालचिनी-साखर. मावशी म्हणते घारगे, आणि फार तर भाखरा.

"अमेरिकेत सप्टेंबर लागला की लोक या चवीची वाट बघतात, मावशी. सफरचंदाचा रस आटवून केलेले डोनट, भोपळ्याचे डोनट. बागेत सफरचंदं तोडायला जातात आणि तिथेच गरम डोनट खातात. आपल्याकडे असा एक ऋतूचा पदार्थ का नसावा?"

"नसावा कोण म्हणतं? आहेच. तू खातोस लहानपणापासून."

भाच्याच्या म्हणण्याला आधार आहे. सफरचंदाच्या रसाचा डोनट आज अमेरिकेत जुन्या परंपरेसारखा मिरवतो, पण तो पसरला तो 1951 साली डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने त्या हंगामासाठी 'स्वीट सायडर डोनट' बाजारात आणला तेव्हापासून. भोपळ्याच्या पायसाठी दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग असा तयार मसाला मॅकॉर्मिक कंपनीने 1934 मध्ये डब्यात भरून विकायला काढला. त्याच चवीची कॉफी स्टारबक्सने 2003 मध्ये आणली, आणि मग सप्टेंबर म्हणजे भोपळा-मसाला हे समीकरण जगभर पोचलं. ज्याला आपण पिढ्यान् पिढ्यांची चव समजतो, ती कधी कधी एखाद्या कारखान्याने ठरवलेली असते. भाच्याला यात काही वावगं वाटत नाही. कुणीतरी ठरवावंच लागतं, मग आपण ठरवू, असं त्याचं म्हणणं.

मावशीचा आक्षेप कंपनीला नाही, हवेला आहे. "तिकडे तेव्हा थंडी सुरू होते. गरम, तुपकट, दालचिनीचं खावंसं वाटणारच. आपल्याकडे ऑक्टोबरात डोक्यावर ऊन आणि पोटात पित्त. आजी या दिवसांत तळण काढायची ते मोजकं. दोन घारगे मिळाले की हात धुवायचे."

आजीच्या मागे मोठा आधार होता. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत शरदाला पित्त भडकण्याचा काळ म्हटलं आहे आणि तेल, चरबी, दही, क्षार, दिवसाची झोप या गोष्टी तेव्हा टाळायला सांगितल्या आहेत. तांदूळ, जव, गहू, कडू रसाचं तूप या दिवसांत चालतं. आणि आपली दिवाळी, म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी तळणी, याच ऋतूच्या मधोमध येते. भाच्याने ही विसंगती लगेच पकडली. तेल टाळायचं तर चकली-करंजीही टाळा, एकट्या डोनटवर राग कशाला? यावर मावशीने दिलेलं उत्तर साधं आहे आणि खरंही. करंजी, अनारसा, चकली हे सण म्हणून चार दिवस खायचे आणि डब्यात राहणारे जिन्नस. डोनट तळल्या दिवशीच संपवावा लागतो, म्हणजे एका बसणीला चार पोटात जाणार.

मग भाच्याने भोपळ्याचाच मुद्दा काढला. "तू परकं परकं म्हणतेस, पण हा लाल भोपळा कुठला? अमेरिका खंडातला. चिकू कुठला? मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आणि त्यांच्या डोनटवरची दालचिनी आशियातली, जायफळ-लवंग इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरची. त्यांच्या ऋतूची चव आपल्या समुद्रातून गेली आणि आपल्या घारग्यातला भोपळा त्यांच्याकडून आला. आता कुणाचं काय ते सांग."

इथे मावशीला मान डोलवावी लागली. अमेरिका खंडातली कितीतरी फळं-भाज्या पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यावर पोचली, आणि डहाणू तर 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे येईपर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं. चिकू त्यानंतर पुष्कळ उशिरा आला. इराणी आणि इतर बागायतदारांनी तो इथल्या मातीत असा रुजवला की 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. परकं फळ इथलं व्हायला काही पिढ्यांची मशागत पुरते. मावशीने एवढंच विचारलं, की मग मशागतीशिवाय, नुसता फोटो बघून आणलेला पदार्थ इथला कसा होणार?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पिठात शोधायला हवं. डोनट म्हणजे फुगवून तळलेलं गोड पीठ. ते फुगवायचं कशाने, यावर पुढचं सगळं ठरतं.

भाच्याचा भरवसा यीस्टवर. अर्धा किलो मैदा, दोनशे ग्रॅम उकडून गाळून घेतलेला भोपळा, पाऊण वाटी साखर, एक अंडं, थोडं लोणी, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, चिमूट-दोन चिमूट मीठ, आणि दूध लागेल तसं, पण शंभर मिलीच्या आत. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते धरलं नाही तर पीठ सैल होऊन हाताला चिकटतं. साखर फार झाली तर यीस्ट मंदावतं. दालचिनी तर पिठात घालूच नये, कारण तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मारक असतं. म्हणूनच ती बाहेरून साखरेत मिसळून लावतात. भाच्याला हे सगळं तोंडपाठ आहे, आणि तो ते डौलाने नाही तर काळजीने सांगतो. मुंबईतल्या वातानुकूलित बेकरीत दीड-दोन तास लागणारं फुगणं डहाणूच्या ऑक्टोबरात तासाभरात उरकतं. थोडं दुर्लक्ष झालं की पीठ जास्त आंबतं, कढईत पडल्यावर बसतं आणि तेल पितं. त्याने मग रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पहाटे कापायचं असं ठरवलं. बाहेरच्या हवेला न जुमानणारी पाककृती त्याला पूर्वी बरी वाटायची. इथे एकदा मळून बघितल्यावर हवेशी जमवून घेणारी बरी वाटू लागली.

मावशीने तोवर माडी आणवली होती.

डहाणूत पिठाला फुगवणं हे काम यीस्टच्या पाकिटाच्या कितीतरी आधीपासून ताडीने केलेलं आहे. भंडाऱ्यांचा हा पिढीजात धंदा. माडाची माडी वर्षभर मिळते, खजुरीचा रस थंडी पडली की सुरू होतो, ताडाची ताडी त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आपोआप आंबतो, कारण मडक्यात आणि हवेत असलेली जंगली यीस्ट आणि लॅक्टिक आम्लाचे जिवाणू कामाला लागलेले असतात. त्यात सॅकरोमायसेस सेरेव्हिसी असतं, म्हणजे बेकरीच्या पाकिटातल्या यीस्टचंच भावंड. पण एकट्या यीस्टने जी चव येत नाही ती जिवाणूंच्या किंचित आंबटपणामुळे येते.

पारशांचा भाखरा याच माडी-ताडीवर उभा आहे. रवा आणि कणीक, त्यात तूप चोळायचं, अंडी, साखर, वेलची-जायफळ, आणि ताडीत भिजवून झाकून ठेवायचं. पीठ घट्टच हवं. मग बोटाच्या जाडीचं लाटून वाटीने गोल पाडायचे आणि मंद आचेवर तळायचे. आतून वाफ दाटली की वरचा पापुद्रा तडकतो आणि भेगेतून आतलं फिकट पिवळं दिसतं. ही भेग म्हणजे भाखरा जमल्याची खूण. संजाणला पारशी उतरले असं त्यांची परंपरा सांगते, आणि ते संजाण तलासरीच्या सीमेपलीकडेच आहे. संजाण पडल्यावर त्यांनी पवित्र अग्नी बारा वर्षं जिथे लपवला असं सांगतात, ते बाहरोटचे डोंगर तर याच पट्ट्यात येतात. हा समाज जिथे राहिला तिथल्या झाडाचा रस त्याच्या चहाबरोबरच्या खाण्यात शिरला, यात नवल काही नाही. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसईचे ख्रिस्ती लोक लग्नकार्यात फुगे करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून सैलसर पीठ आंबवायचं आणि मुठीतून अंगठ्याशी पिळून गोळे थेट तेलात सोडायचे. पालघर जिल्ह्याला फुगवून तळलेल्या पिठाची ओळख डोनटने करून द्यावी लागेल, अशी स्थिती मुळीच नाही.

"मग बघ," मावशी म्हणाली, "तुझ्या डोनटला इथे भाऊबंद आहेत. त्यांना विचारून घरात ये म्हणजे झालं."

भाचा गप्प राहणारा नव्हता. "माडी रोज वेगळी असते, मावशी. आज जास्त आंबलेली, उद्या कमी. चार डझन भाखऱ्यांची ऑर्डर असली आणि पीठ नाही उठलं तर? यीस्ट सात ग्रॅम म्हणजे सात ग्रॅम."

"म्हणून तर वास घ्यायचा, बोटाने चाखायची, आणि त्यावरून किती घालायची ते ठरवायचं."

"आणि हे बाकीच्या बायकांना शिकवणार कसं? तुझं नाक त्यांना देणार?"

या जागी भाच्याचं म्हणणं उचलून धरायला हवं. घरात एकीच्या हातात राहिलेली कला त्या हाताबरोबर जाते. गटातल्या आठ बायकांनी तोच भाखरा काढायचा तर वाटीचं माप, फुगायची वेळ, तेलाची आच हे सगळं लिहून ठेवावंच लागेल. मावशीलाही हे कळतं. तिची हरकत लिहिण्याला नाही, लिहिलेल्याला झाडाहून मोठं मानण्याला आहे.

गटातली तलासरीकडची एक वारली बाई तोवर भोपळा किसत होती. मावशी तिला ताई म्हणते, भाचाही ताईच म्हणतो. तिने किसणी खाली ठेवून सांगितलं, "आमच्याकडे कढई मागून आली. आधी पान."

तिचं म्हणणं या वादातली सर्वांत जुनी बाजू आहे. वारली पाड्यांवर या दिवसांत भली मोठी काकडी किसतात, त्यात नव्या तांदळाचं भरडसर पीठ आणि गूळ मिसळतात आणि पानात गुंडाळून वाफवतात. तेलाचा थेंब नाही. चरकाने नाव ठेवायला जागा नाही आणि थर्मामीटरची गरज नाही. नवं धान्य घरात येतं, कणसरी या धान्यदेवतेला मान मिळतो, रात्री तारपा वाजतो, आणि हे पानातलं गोड त्या दिवसांचं. तेल पुष्कळ घरांत विकतचं आणि म्हणून जपून वापरायचं. शेरभर तेल कढईत ओतून त्यात काही तरंगवणं ही बाजाराजवळच्या घरांची चैन.

शरदाची आणखी एक बाजू तलासरी विसरत नाही. भातकापणी आणि गवतकापणी हे मजुरीचे दिवस. 1945 च्या ऑक्टोबरात या भागातल्या वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागून काम थांबवलं. तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती गेले. त्याच वर्षी मे महिन्यात झरीला वारल्यांचा मेळावा भरला होता. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा लढा लिहून ठेवला आहे. सुगीचा ऋतू म्हणताना ती सुगी कुणाच्या घरात पोचत होती, हे इथे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गटात ताई नफ्यात सारखी वाटेकरी आहे, आणि पदार्थ कोणता ठेवायचा यात तिचं मत मावशीइतकंच चालतं.

तेलाचा विषय मात्र ताईनेच पुढे नेला. विकतच्या तेलाआधी पाड्यावर मोहाच्या बियांचं तेल असायचं. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळतात, पावसाच्या तोंडाशी फळं पिकतात, बिया वाळवून फोडून त्यांचं तेल काढतात. पिवळसर, कच्चं असताना कडसर वासाचं, आणि गारठ्यात तूप थिजावं तसं थिजणारं.

हे ऐकताच भाचा उठून बसला, कारण डोनटच्या धंद्यातली एक मोठी गोष्ट इथे येऊन मिळते. अमेरिकेतले डोनटवाले पातळ तेलात तळणं टाळतात. ते थिजणारी चरबी वापरतात. डोनट गार झाला की शोषलेली चरबी आत घट्ट होते, बोटाला तेल लागत नाही आणि वर लावलेली साखर ओली होऊन ओघळत नाही. पातळ तेलात तळलेला डोनट तासाभरात तेलकट दिसू लागतो. आपल्याकडे या कामाला डालडा वापरला गेला. पण वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा धोका कळल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातली त्याची मर्यादा 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली. मोहाच्या तेलात संपृक्त आम्लांचं प्रमाण मुळातच मोठं असतं, त्यामुळे ते कारखान्यात न नेताही थिजतं.

"म्हणजे डोनटला लागणारी चरबी तलासरीच्या झाडाखालीच पडलेली आहे," भाचा म्हणाला.

"आता ऑक्टोबरात थिजायची नाही ती," ताई म्हणाली. "मार्गशीर्षात बघा."

आणि खरंच, तेहतीस-चौतीस अंशांच्या हवेत ते तेल पातळच राहतं. मोहाच्या तेलातला डोनट हा इथे पौष-माघाचा पदार्थ ठरेल, शरदाचा नाही. खजुरीचा रसही तेव्हाच असतो. ऋतू बाजूला ठेवून केवळ फोटोवरून पदार्थ ठरवला की काय निसटतं, हे ताईच्या त्या एका वाक्यात जेवढं लख्ख दिसलं तेवढं तासभराच्या वादात दिसलं नव्हतं. दालचिनी बारा महिने बरणीत असते, म्हणून ती कोणत्याच महिन्याची होत नाही. भोपळा, नवा तांदूळ, माडी हे या पंधरवड्यात हाताशी आहेत, आणि पदार्थाची सुरुवात तिथून व्हावी. एकदा तिथून सुरुवात केली की मग आकार कुठलाही द्या, मधे भोक पाडा, कुणाचं काही बिघडत नाही.

भोकावरही त्यांचं बोलणं झालंच. न्यूयॉर्कच्या डच वस्तीत डुकराच्या चरबीत तळलेले गोड गोळे खात. 1809 मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंगने त्यांचा उल्लेख केला आहे. त्यांना भोक नव्हतं. अमेरिकेतल्या मेन राज्याचा खलाशी हॅन्सन ग्रेगरी याने म्हातारपणी सांगितलं, की 1847 मध्ये जहाजावर असताना कच्च्या राहणाऱ्या मध्याला कंटाळून त्याने डबीच्या झाकणाने तो मध्यच काढून टाकला. ग्रेगरीच्या सांगण्यावर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण कारण पक्कं आहे. जाड पिठाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, तोवर कडा करपतात. घारग्याला भोक लागत नाही, कारण तो पातळ थापलेला असतो.

मग कढई चढली.

घारग्याचं पीठ मावशीने सकाळीच भिजवलं होतं. किसलेला भोपळा पाणी न घालता गुळात शिजवला, गार केला, त्यात वेलची, जायफळ, मीठ आणि गरम तेलाचं मोहन. कणीक मावेल तेवढी, आणि कुरकुरीतपणाला मूठभर तांदळाचं पीठ. केळीच्या पानाला तेलाचा हात लावून त्यावर पुरीहून जाडसर थापायचे, वर खसखस. भाच्याने थर्मामीटर तेलात सोडला. मावशीने पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाकली. ती तळाशी गेली, क्षणभर थांबली, आणि भोवती बारीक बुडबुडे धरून सावकाश वर आली. "झालं," मावशी म्हणाली. काटा 165 वर होता.

"डोनटला 180 लागतात."

"तुझ्या डोनटला गूळ नाही."

दोघांचंही बरोबर. गूळ साखरेपेक्षा लवकर लाल होतो. 180 अंशांवर घारगा बाहेरून काळपट आणि आतून ओला राहतो. यीस्टचा डोनट 165 वर टाकला तर पापुद्रा धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो तेल ओढून घेतो. मावशीच्या गोळीने जे सांगितलं तेच काट्याने सांगितलं. काट्याचा उपयोग ताईला आणि बाकीच्या बायकांना झाला. त्यांनी 165 हा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

पहिला घारगा टम्म फुगला, दुसरा अर्धवट. भाच्याचे डोनट गोलाकार तरंगले आणि मधोमध फिकी पट्टी उमटली. ती उमटली की पीठ नीट फुगलं होतं असं समजायचं, कारण हलका डोनट अर्धाच बुडतो. वर लावायला त्याने दालचिनी आणली होती. पण घरात चिकूची पावडर होती, वाळवलेल्या फोडींची, बोर्डीच्या बाजूला घरोघर करतात तशी. पिठीसाखर, चिकूची पावडर आणि किसलेलं जायफळ असं मिश्रण करून त्याने अर्धे डोनट त्यात घोळवले. चिकूला जळक्या साखरेसारखी एक खोल गोडी असते. दालचिनीच्या तिखटपणापेक्षा ती भोपळ्याला जास्त मानवली. ताईने एक खाल्ला, दुसरा मागितला. मावशीने अर्धा खाऊन सांगितलं की चांगला आहे, पण हा पाहुणा, घरचा घारगाच.

विक्रीचं गणित मात्र कडक निघालं. डोनट सकाळी तळला तर संध्याकाळी चिवट होतो, कारण शिजलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट होत जातो. घारगा गुळामुळे ओलावा धरून तीन-चार दिवस मऊ राहतो. भाखरा डब्यात त्याहून जास्त. तेव्हा मुंबईला लोकलने पाठवायच्या डब्यांत घारगे आणि भाखरे, आणि डोनट फक्त स्टेशनजवळच्या स्टॉलवर, त्याच दिवशी तळून. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं यावर भाचा अडून बसला. जुलै 2018 पासून तेलातल्या ध्रुवीय घटकांची मर्यादा 25 टक्के ठरली आहे. त्यापुढचं तेल वापरायला बंदी. घरी मोजायचं यंत्र नाही, म्हणून फेस येऊ लागला, रंग गडद झाला किंवा धूर लवकर निघाला की ते तेल काढून टाकायचं असं ठरलं. मावशीला तेल टाकणं जिवावर आलं, पण तिने ऐकलं.

दोन गोष्टी अजून तुटलेल्या नाहीत. दिवाळीच्या फराळात पुष्कळ गिऱ्हाइकांना अंडं चालत नाही, म्हणून घारग्याची कढई वेगळी ठेवावी लागेल आणि गटाकडे मोठी कढई एकच आहे. दुसरी भांडणाची गोष्ट भाखऱ्याची. भाचा म्हणतो, विकायचा भाखरा यीस्टवर करू. माडी घातली असं कळलं की काही लोक डबा परत करतील. मावशी म्हणते, माडी नसेल तर डब्यावर भाखरा लिहायचं नाही.

शेवटी दोन्ही प्रकार करून घोलवडच्या एका वयस्क पारशी बाईंकडे न्यायचं ठरलं. मावशी आणि त्या लहानपणापासूनच्या मैत्रिणी. फोनवर त्यांनी लगेच होकार दिला, आणि बजावलं की तळलेल्या दिवशी आणू नका, दोन दिवसांनी आणा. कोणता कोणाचा ते सांगू नका. आणि चहा मी करीन, तुम्ही पुदिना आणि गवती चहा तेवढा घेऊन या.